तीन पदरी दोर

कोलशेतच्या घरी माझ्याशी बोलणारा माणूस एकच होता, माझे सासरे. तेही बोलत ते दोराविषयीच. घरधनी आगबोटीवर खलाशी, गेले की वर्ष वर्ष तोंड दिसत नसे. थोरली जाऊ मासे विकायला बाजारात बसे आणि तिची हाक साऱ्या बाजारभर ऐकू जाई. मला तसे ओरडता येईना. तिच्याबरोबर गेले तेव्हा भरली पाटी तशीच घरी आणली. "चार बुकं शिकलीस गो," ती म्हणाली, "त्यात तोंड उघडायचं शिकवलं नाय?" माझे वडील ठाण्यास कचेरीत शिपाई होते, म्हणून मला चौथीपर्यंत शाळा मिळाली. सासरी ही गोष्ट एखाद्या व्यंगासारखी सांगितली जाई.

मग सासऱ्यांनी मला गळाचे दोर वळायला बसवले. तागासारख्या सणाचे तंतू मांडीवर वळायचे, पदरात पदर घालायचा, ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवायचा, म्हणजे खाऱ्या पाण्यात दोर कुजत नाही. दोर तयार झाला की सासरे तो बांबूच्या काडीवर वेढ्याला वेढा भिडवून गुंडाळीत. दहा वेढ्यांनी किती जागा खाल्ली ते अंगठ्याच्या पेराला लावून पाहत. त्यावरून जाडी कळे. नंतर दोराचा एक तुकडा ओला करून वाशाला बांधीत, खाली टोपली टांगीत आणि जाळ्याचे धोंडे तिच्यात एकेक ठेवीत. टोपली खाली आदळेपर्यंत मी धोंडे मोजी. आदळली की ते टोक माझ्यापुढे धरीत. "बघ, गाठीत तुटला. तुझं वळण चांगलं हाय पोरी, गाठ माझी वाईट."

जाड दोर बळकट खरा, पण माशाला दिसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी गढूळ असते, तेव्हा चार पदरी चालतो. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे भरती-ओहोटीला जोर नसतो, पाणी संथ आणि नितळ. तेव्हा तीन पदरीच हवा, नाहीतर जिताडा आमिषाला नाक लावून परत फिरतो. हे ते सांगत आणि मी पुनःपुन्हा विचारी. कळलेले असले तरी विचारी.

त्या घरात एक रीत होती. ज्या हाताचा दोर पाण्यात तुटून मासा गेला, त्या हाताचा दोर पुन्हा होडीत चढवायचा नाही. म्हणून सासरे खाडीत असले की माझे कामात लक्ष लागत नसे. दोर तुटला तर माझे बोलणेही संपेल, हे मला ठाऊक होते.

एका वर्षी दिवाळीनंतर सासरे रिकाम्या हाताने परत येऊ लागले. थोरले दीर एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, "बाबा, होडी आता वर वढून ठेवा. तुमच्यानं नाय व्हायाचं."

"या भांगाला जिताडा आणतो," सासरे म्हणाले. "नाय आणला, तर तूच वढ होडी."

मी तीन पदरी दोर काढून दिला. त्यांनी तो चिमटीत धरून बराच वेळ फिरवला.

"चार पदरी दे."

"बाबा, पाणी नितळ हाय. दिसंल त्याला."

"हा हातात हाय का नाय तेच कळत नाय गो," ते हळूच म्हणाले. लगेच मागे वळून कोणी ऐकले का ते पाहिले. मी टोपली टांगून दाखवली. जवळचे सगळे धोंडे संपले, दोर तुटला नाही. तेव्हा तोच घेऊन ते गेले.

दुपारी होडी काठाला लागली. सासरे रिकामेच वर आले. अंगणात दीर, जाऊ, शेजारची दोन माणसे उभी होती. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

"लागला व्हता. मोठा व्हता," ते म्हणाले. "दोर तुटला."

"पाटीवर धुळाक्षरं काढणारी बोटं ती!" जाऊ म्हणाली. "दोर काय वळणार?" सगळे हसले.

दोराची जुडी होडीतच राहिली होती. जाऊ ती आणायला निघण्याआधी मीच काठाकडे गेले. दोर अख्खा होता. टोकाला गळ जसाच्या तसा, आमिष तेवढे खाल्लेले. मासा आला, त्याने ओढले, खाऊन निघून गेला, आणि सासऱ्यांच्या बोटांना त्यातले काही कळले नव्हते.

मी होडीतल्या कोयत्याने गळाच्या वर दोर कापला. टोक दगडावर घासून विस्कटले. गळ चिखलात खोल दाबला आणि जुडी अंगणात आणून ठेवली. सासऱ्यांनी ते टोक उचलले. कितीतरी वेळ पाहत राहिले. मग माझ्याकडे एकदा पाहून आत गेले.

होडी वर ओढायचा विषय दिरांनी पुन्हा काढला नाही. त्यांनी कल्याणच्या बाजारातून विकतचा दोर आणला. मला मागच्या दारी मासळी खारवण्याचे काम मिळाले. तिथे दिवसभर कोणी येत नसे. सासरेही येईनासे झाले. जेवताना मी वाढायला गेले की ते पानावरून नजर उचलीत नसत.

पुढच्या एका अष्टमीला मात्र ते मागच्या दाराशी आले. हातात विकतचा दोर होता, चिमटीत फिरवीत होते.

"जाड हाय का गो?"

"हाय, बाबा."

त्यांनी मान हलवली. मला वाटले आणखी काही विचारतील. मीही मिठाचा हात तसाच धरून थांबले. मग ते तोच दोर खांद्यावर टाकून खाडीकडे गेले.