कणकेच्या गोळ्या

पालमच्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत माशांची काचपेटी आली ती यजमानांच्या हौसेपायी. मासे देताना परभणीच्या दुकानदाराने बजावलं होतं, पेटी नवी आहे, खाणं चिमूटभरच द्या. उरलेलं खाणं आणि माशांची घाण साचली की पाण्याचं विष होतं. मला त्या पेटीचा रागच होता. पाय ठेवायला जागा नाही आणि म्हणे मासे!

त्याच सुमारास सासरे, मी त्यांना मामा म्हणायची, आमच्याकडे राहायला आले. गुडघे गेले होते, शेत थोरल्या दिरांनी हाती घेतलं होतं. जन्मभर पहाटे उठून बैलांना वैरण घातलेला माणूस आमच्याकडे पाहुण्यासारखा अवघडून बसायचा. मला बघवेना. मी माशांच्या खाण्याचं काम त्यांच्यावर सोपवलं, तर मामा एकदम खुलले.

नामांतराच्या आंदोलनात एसटी बंद झाली नि परभणीहून आणलेली खाण्याची पुडी संपली. मामांनी कणकेच्या गोळ्या वळल्या. गोदावरीवर गेलं की सगळेच माशांना गोळ्या घालतात, पुण्याचं काम. पण नदी वाहती असते, पेटीतलं पाणी कुठे जाणार? शेजारीण आली की मामा पेटीत टाकायला तिच्याही हातावर दोन गोळ्या ठेवायचे.

पाणी आधी दुधी झालं, मग काचेवर हिरवं शेवाळ चढलं, घरात कुबट वास सुटला. एका सकाळी दोन मासे उलटे तरंगत होते, बाकीचे वर येऊन तोंडं उघडत होते.

"लेकरं लय भुकेजलीत," म्हणत मामांनी पुन्हा कणीक घेतली.

यजमान भडकले. "दादा, उपाशी न्हाईत ते, खाऊन खाऊन मरायलेत! इथं लागंल तेवढंच खायचं असतंय!"

त्या रात्री मामांनी दुसरी भाकर परत केली. दुसऱ्या दिवशीही तेच. "भूक न्हाई, बाई."

स्वयंपाकघरात मी यजमानांना धारेवर धरलं. "मी माशांचं बोललो," ते म्हणाले. माफी मागणं त्यांच्या घराण्यातच नव्हतं.

मग मीच मामांपुढे बादली ठेवली. "मामा, गोळ्या बंद. आता रोज थोडं घाण पाणी काढायचं आन् कालचं भरून ठेवलेलं पाणी घालायचं. मला सकाळच्या गडबडीत जमत न्हाई. हे पाणी मोरीत ओतू का?"

"मोरीत कशाला? खत हाय की त्याच्यात," म्हणत त्यांनी बादली ओढून घेतली. मागच्या दारी डब्यांत लावलेल्या मिरच्यांना ते पाणी घालू लागले. पेटी हळूहळू निवळली. उरलेले मासे वाचले. मिरच्यांनी तर अंग धरलं. मामा मात्र अजून एकच भाकर खात होते आणि मी रोज झुरत होते.

पहिल्या मिरच्या तोडल्या त्या दिवशी मी ठेचा केला. मामांनी एक भाकर संपवली, ताट पुढे सरकवलं. "आजून एक वाढ."

मी वाढली. तेवढ्यात यजमान म्हणाले, "दादांना तव्यावरची वाढ की, गरम." मी तीही वाढली, वर आणखी एक घेऊन उभी राहिले.

"आगं बस कर बाई," मामा हसून म्हणाले, "मी काय पेटीतला मासा हाय का?"

मलाही हसू आलं. यजमान मात्र मान खाली घालून जेवत राहिले.