बारावाली काच

अहमदपूरला बसस्टँडसमोर आमचा फोटो स्टुडिओ हाय. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा मन्मथअप्पा, वीस वर्षांपासून लग्नाचे फोटो काढतात. नवरानवरीला हसा, हसा म्हणून दमले, अन् मग त्यांना न हलणारं, न कुरकुरणारं गिऱ्हाईक सापडलं. आभाळ.

तीन वर्षांखाली जुना कॅमेरा घेऊन नांदेडला रियाजभाईच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. कॅमेऱ्याच्या पोटात लाल रंग अडवणारी काच असते, ती काढली की आभाळातले हायड्रोजनचे लाल ढग दिसतात म्हणे. रियाजभाईनं विचारलं, अप्पा, डोकं ठिकाणावर हाय का? मी ते लग्नानंतर आठव्या दिवशीच विचारलं होतं. तरी काच काढून दिली. पुढं एका बारशाला घाईत तोच कॅमेरा नेला. फोटोत बाळ, आत्या, पाळणा, सगळे गुलाल खेळून आल्यासारखे लाल.

या ढगांना काळोख लागतो. म्हणून दर अमावास्येच्या आठवड्यात हे मोटारसायकलला तिपाई बांधून शिरूर अनंतपाळच्या पुढं माळावर. गल्लीत बोभाटा झाला, अप्पा गुप्तधन शोधायलेत. गौरम्मांनी, म्हणजे सासूबाईंनी, त्यांच्या खिशात विभूतीची पुडी कोंबली. मला भुतांचं काही न्हाई. अंधारात गाडी घसरली तर कळवणार कोण, एवढीच धास्ती. हे परत येईस्तोवर माझा डोळा लागत न्हाई. पण चंद्र मोठा झाला की त्याच्या उजेडात ढग दिसत न्हाईत, अन् नवरा घरी. ते दिवस माझे.

यंदा कॅमेऱ्यापुढं लावायला फिल्टर घ्यायचं काढलं. एक काच काढली, आता दुसरी लावायची. ही काच ढगांचा हायड्रोजनचा लाल अन् ऑक्सिजनचा हिरवट निळा, एवढेच दोन रंग आत सोडते, बाकी उजेड बाहेर. एक बारा नॅनोमीटरवाली, म्हणजे उजेडाला फट रुंद, जरा ढिली. दुसरी तीनवाली, फट अरुंद, एकदम काटेकोर. आठ महिने निवड चालली. मला दहा मिनिटांत पसंत केलं होतं. शेवटी एका दुपारी जेवताना म्हणाले, तीनवाली घेऊ, तिच्यातून चांदण्यातबी फोटो निघतात.

माझा घास तोंडातच राहिला. म्हणजे पौर्णिमाबी गेली.

मोबाइल त्यांचा, पण ऑर्डर करते मी, त्यांना पिनकोड आठवत न्हाई. त्यांनी तीनवाली दाखवली. मी बारावाली दाबली.

आठवड्यानं पार्सल आलं. डबी उघडून त्यांनी आकडा दोनदा वाचला. ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाबी ओरडता आलं असतं.

"चुकीची आली," ते म्हणाले. "हिला माळच लागंल."

"मग जाताच की माळावर."

"तीनवालीला आपल्या शेजारच्या मार्केट यार्डाचे दिवेबी चालले असते. आपल्या गच्चीवरूनच काढणार होतो. तू जागी राहतीस, ठाऊक हाय मला."

आठ महिने या बाबानं मला नॅनोमीटर सांगितले, गच्ची सांगितली न्हाई. राग आला, लाज वाटली, अन् लई माया आली, तिन्ही एकदम. मग मीच कबूल केलं, दुकानदाराची चूक न्हाई, मी मुद्दाम दाबली.

मीच त्यांचा मोबाइल ओढून घेतला अन् डबी परत पाठवायला बसले. कारण निवडा, म्हणून यादी आली. तुटकं आलं, उशिरा आलं, रंग वेगळा निघाला, सगळं होतं. नवऱ्याला घरी ठेवायला गेले अन् माळावर धाडलं, हे तेवढं कुठंच नव्हतं.