खाडीसम्राटाची टोपी

रोडपालीच्या सुभाषशेठ मढवींना चाळिशी ओलांडल्यावर साक्षात्कार झाला की आपण हिरो आहोत. तसा तो आधीही अधूनमधून व्हायचा, पण तेव्हा खिसा रिकामा होता, आणि रिकाम्या खिशाच्या साक्षात्काराला घरचेही विचारत नाहीत. आजोबा मिठागरात राबले, वडिलांनी मीठ आणि भात दोन्ही करून पाहिलं, आणि सुभाषच्या वाट्याला सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला प्लॉट आला. प्लॉटवर इमारत उभी राहिली, इमारतीत भाडेकरू आले आणि सुभाषचा सुभाषशेठ झाला. मग करण्यासारखं काही उरलं नाही. सकाळी गळ्यात साखळ्या चढवायच्या, गॉगल लावून आरशात दोन्ही बाजूंनी बघायचं, गाडी काढून कळंबोलीच्या लोखंड बाजारात ओळखीच्या व्यापाऱ्याकडे चहा प्यायचा आणि दुपारी घरी येऊन ‘दमलो’ म्हणायचं.

अशा माणसाला केतन भेटला. केतन अंधेरीहून कुठल्याशा मालिकेसाठी मिठागराची जागा शोधत आला होता. जागा त्याला पसंत पडली नाही, पण सुभाषशेठ पसंत पडले. दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून त्याने शेठना त्यातून न्याहाळलं आणि असा चेहरा अंधेरीत औषधालाही मिळत नाही असं सांगितलं. शेठनी त्याला जेवायला घरी नेलं. बोंबील संपायच्या आत सिनेमाचं नाव ठरलं होतं. ‘खाडीसम्राट’.

सिनेमात शेठ रेतीमाफियांशी लढणार होते. खरं तर त्यांच्या निम्म्या मित्रांचा धंदा रेतीचाच, त्यामुळे खलनायकांसाठी माणसं शोधावी लागली नाहीत. नायिका शेठपेक्षा वीतभर उंच निघाली, म्हणून प्रेमाच्या प्रसंगात शेठ मिठाच्या गोणीवर उभे राहिले. शेवटच्या मारामारीत त्यांना होडीतून उडी मारून खलनायकाच्या अंगावर झेपावायचं होतं. उडी त्यांनी मारली, पण ओहोटी लागलेली होती. शेठ कमरेपर्यंत चिखलात गेले, मग आडवे झाले, आणि शेवटी मासेमारीला निघालेल्या चौघांनी दोर टाकून त्यांना बाहेर ओढलं. केतनने कॅमेरा बंद केला नाही. नैसर्गिक अभिनय म्हणून त्याने तो तुकडा सिनेमात तसाच ठेवला.

पनवेलच्या एका थिएटरात एक खेळ लागला. लग्नाला काढतात तशा पत्रिका काढून शेठनी सगळं गाव गाड्या भरून आणलं. मध्यंतरात बाहेर बिर्याणीची पातेली उघडली आणि मध्यंतरानंतर आत फक्त शेठ, त्यांची बायको माधुरी आणि लहानगी लेक मनस्वी एवढेच उरले. त्यातली मनस्वी झोपली होती. दुसरा खेळ कधी झालाच नाही. केतनचा फोन आधी लागेनासा झाला, मग तो नंबर कुण्या तिसऱ्याच माणसाने उचलायला सुरुवात केली. अंधेरीच्या पोराने शेठला टोपी घातली, असं गावात उघड बोललं जाऊ लागलं. शेठ मात्र सांगत राहिले की मुंबईतल्या बड्या लोकांनी सिनेमा दाबला. कोणत्या बड्या लोकांनी, हे विचारलं की ते गॉगल काढून पुसत.

ही झाली दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मनस्वी आता पनवेलच्याच एका कॉलेजात फॅशन डिझाइन शिकत होती. शेठनी तिला प्रवेश मोठ्या हौसेने घेऊन दिला होता. डिझायनर घरातच असला तर पुढच्या सिनेमाचे कपडे बाहेर शिवायला नकोत, हा त्यामागचा दूरचा विचार. दुसऱ्या वर्षाला रुचिरा मॅडमनी मुलांना काम दिलं: एक सिनेमा निवडा, त्याच्यावरून एक टोपी बनवा, आणि वार्षिक कार्यक्रमात ती घालून रॅम्पवर चाला. वर्गाने धडाधड परदेशी सिनेमे निवडले. हेतल नावाच्या मुलीने तर बर्फाळ किल्ला, त्यात दिवे आणि वर उडणारा पक्षी असं सांगून सगळ्यांना गार केलं. तिच्या घरचे मखराची कामं घेणाऱ्या डेकोरेटरकडे जाऊनही आले. मनस्वीचा नंबर आला तेव्हा तिने सांगितलं, “खाडीसम्राट.” असा सिनेमा कुणी ऐकलाही नव्हता. मॅडमना वाटलं, इराणी असेल.

घरी येऊन तिने वडिलांकडे सिनेमाचं जुनं सामान मागितलं. शेठचे डोळे भरून आले. इतकी वर्षं जगाने पाठ फिरवली, पण रक्ताला रक्ताची किंमत कळली, असं त्यांना वाटलं. पोटमाळ्यावरून त्यांनी स्वतः पेटारा उतरवला. त्यात पोस्टरांची भेंडोळी, सोनेरी काठाचं जाकीट आणि शूटिंगमध्ये लावलेला केसांचा टोप होता. टोपात झुरळांनी संसार थाटला होता. शेठनी तो झटकून लेकीच्या हातात असा ठेवला, जसा कुणी देव्हाऱ्यातला देव ठेवावा.

पुढचे काही आठवडे मनस्वीची खोली बंद राहिली. बक्रमचं ताठ कापड कापून, तार वळवून तिने आधी रुंद काठाचा सांगाडा केला. मग उकळत्या पाण्यात विरघळेल तेवढं मीठ विरघळवून त्यात दोरा गुंडाळलेल्या तारा सोडून ठेवल्या, म्हणजे हळूहळू त्यांच्यावर मिठाचे खडे धरतात. स्वयंपाकघरातली पातेली एकेक करून तिच्या खोलीत गेली आणि माधुरीला चहा कुकरात करायची वेळ आली. शेठ दाराबाहेर घुटमळत. आत यायचं नाही, कार्यक्रमातच बघा, असं मनस्वीने बजावलं होतं. शेठना त्यात फक्त प्रेम दिसलं. लोखंड बाजारात चहा पिताना ते सांगू लागले की आता कॉलेजात खाडीसम्राट शिकवतात.

माधुरीला संशय आला होता. पोरगी काय करत असेल याचा तिला अंदाज होता, कारण लहानपणी शाळेतून रडत आलेल्या पोरीचं तोंड तिनेच धुतलं होतं. तिने नवऱ्याला एकदाच सुचवलं, “तुमी एकलेच जा. गाव नका नेऊ.”

शेठनी दोन बस ठरवल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्या तीन रांगा मढवींनी अडवल्या. बाकीच्या पालकांना मागे बसावं लागलं. शेठ मधोमध, सोनेरी काठाचं तेच जाकीट घालून. बटणं लागत नव्हती, पण शोभा म्हणून उघडं ठेवलंय असं त्यांनी शेजारी बसलेल्या चुलतभावाला, आनंदाला, सांगितलं. टोप्या येत गेल्या. कुणाच्या डोक्यावर अंतराळयान होतं, कुणाच्या डोक्यावर शार्क. हेतलचा किल्ला इतका जड झाला होता की दोन मैत्रिणी दोन बाजूंनी तो धरून चालत होत्या, आणि मधे हेतल कुठेतरी होती.

मग दिवे जरा मंद झाले आणि मनस्वी आली. साधा काळा कुडता, आणि डोक्यावर ती टोपी. रुंद काठावर मिठागराचे चौकोनी वाफे, खरं मीठ लखलखत होतं. वर गाळाच्या रंगाचा उंचवटा, आणि त्या गाळातून दोन पाय वर आलेले, पायांत टोकदार पांढरे बूट. पलीकडे मिठाच्या गोणीवर प्लास्टिकची खुर्ची, तिला सिंहासनासारखा सोनेरी काठ, आणि खुर्चीवर नुसता केसांचा टोप. चहूबाजूंनी पोस्टरमधून कापलेली माणसं, सगळी सम्राटाकडे पाठ करून, प्रत्येकाच्या हातात थाळी.

रुचिरा मॅडमनी माइकवर वाचून दाखवलं की ही टोपी स्वतःलाच राजा समजणाऱ्या एका माणसाबद्दल आहे.

आधी मागच्या बाकांवरची मुलं हसली. मग गाव हसलं. गावाला तर सगळंच ओळखीचं होतं, थाळ्यासुद्धा. सगळ्यात मोठ्याने आनंदा हसला. त्याने मांडीवर थाप मारली, पण ती चुकून शेठच्या मांडीवर बसली. शेठ हसले नाहीत. चिखलातून वर आलेल्या त्या पायांकडे ते बघत होते. थिएटरात त्या दिवशी रिकाम्या खुर्च्या दिसल्या होत्या तेव्हा त्यांनी अंधाराला दोष दिला होता. इथे पोरीने चक्क दिवा लावून दाखवलं होतं.

ते उठले. माधुरीने जाकीट धरलं, पण जाकिटाची शिवण तिच्या हातात आली आणि शेठ स्टेजवर पोचले. समोर माइक असल्यावर न बोलण्याचं शिक्षण त्यांना कधी मिळालं नव्हतं. रुचिरा मॅडमनी तो बिचकून दिला.

“मीच त्यो,” शेठ म्हणाले. “बाकी सगला बरोबर हाय. पन मी चिखलात उलटा नवतो झालो. आडवा परलो होतो.”

मग त्यांनी मनस्वीच्या डोक्यावरची टोपी अलगद उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि रॅम्पच्या टोकापर्यंत चालत गेले, वळले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. शिट्ट्या पडल्या. टाळ्या थांबेनात. ‘खाडीसम्राट’ला आयुष्यात मिळालेल्या या पहिल्या टाळ्या होत्या, आणि शेठनी त्या एक-दोन जास्तच वेळा वाकून स्वीकारल्या. पहिलं बक्षीस अर्थात किल्ल्याला गेलं. डेकोरेटरचं काम खरोखर सुबक होतं.

परतताना गाडीत शेठ, माधुरी आणि मनस्वी. बस मागून गाणी म्हणत येत होत्या. कळंबोलीच्या सिग्नलला कंटेनरांच्या रांगेत गाडी अडकली तेव्हा शेठनी आरशातून मागे पाहिलं.

“मला हसवायला केलीस ना ती टोपी? म्हंजे, लोकांनी मला हसावा म्हनून?”

“हो,” मनस्वी म्हणाली.

सिग्नल सुटला आणि पुन्हा लागला. गाडी तिथेच.

“कशाला?”

मग तिने सांगितलं. तिसरीत असताना मुलं तिला बाकावरून उठवून ‘राजकन्येला खाली चिखलात बसवा’ म्हणत. डबा उघडला की बिर्याणी आहे का विचारत. सहलीला समुद्रावर गेले तेव्हा तिला मुद्दाम गाळात ढकललं होतं. ती हे सगळं सपाट आवाजात सांगत होती, जणू दुसऱ्याच कुणाचं. मम्मीला माहीत होतं, असंही तिने सांगितलं. पप्पांना सांगायला ती एकदा गेली होती, पण तेव्हा पप्पा पाहुण्यांना सिनेमाचं गाणं दाखवत होते.

घरी पोचल्यावर शेठनी जाकीट काढून खुंटीला टांगलं आणि जेवण नको म्हणाले, ही त्या घरात न ऐकलेली गोष्ट होती. दुसऱ्या दिवशी लोखंड बाजारात ते गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. माधुरीला वाटलं, माणूस आतून हलला. इतक्या वर्षांनी का होईना. तिने त्यांच्या आवडीची जिताडा माशाची आमटी केली.

आठवडाभराने मनस्वी स्कूटरवरून कॉलेजला निघाली आणि चौकात तिला ब्रेक लावावा लागला. चौकाच्या मधोमध दोन मजली फलक उभा होता. त्यावर सुभाषशेठ, गॉगल लावलेले, हात जोडलेले, डोळ्यांखाली संगणकावर काढलेला एक अश्रू. वर मोठ्या अक्षरांत: ‘मनस्वी, पप्पांना माफ कर’. कोपऱ्यात पासपोर्टच्या फोटोएवढी मनस्वी, तीही दहावीतली, दोन वेण्या घातलेली. खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून मित्रमंडळाचे वीस-पंचवीस चेहरे, त्यांत मोबाइल कानाला लावलेला आनंदा. भाजीवाल्या बायका फलक वाचून एकमेकींना विचारत होत्या की शेठच्या पोरीने असं काय केलं.

संध्याकाळपर्यंत फलकाचा फोटो उरणपासून पनवेलपर्यंत सगळ्यांच्या फोनवर फिरला होता. कॉलेजात रुचिरा मॅडमनी मनस्वीला बोलावून, घरी सगळं ठीक आहे ना, अशी चौकशी केली. मनस्वीने घरी येऊन चप्पलही काढली नाही, सरळ वडिलांसमोर उभी राहिली. पण थोड्या वेळाने तिला हसू फुटलं, ते आवरेना. शेठना वाटलं, माफी मिळाली.

प्रश्न शेवटी माधुरीने विचारला. माफी पोरीची मागायची, तर पोरीचा फोटो बारका नि तुमचा एवढा मोठा कशाला?

शेठनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं अडाणी माणसाकडे बघतात.

“मंग?” ते म्हणाले. “माफी मागनारा दिसाया नको?”