खुर्च्या गोल करा, दाजी आलेत!

उभ्या बारामती-इंदापूर पट्ट्यात ज्याला लांबून येताना बघून प्राध्यापक पळायचे (पोरं नव्हेत, प्राध्यापक!) असा एकच इसम होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. मेहुणीनं दाजींबद्दल लिहायचं म्हणजे थोडा तिखटमिठाचा हात सैल सुटणारच. पण देवाशपथ सांगते, या माणसाला वरून काही घालावंच लागत नाही. मूळचे लोणी भापकरचे, घर बांधलं जळोचीला, आणि शिकवायचे वनस्पतिशास्त्र. नव्वद सालानंतर कधीतरी विद्यापीठातल्या कुणा साहेबांच्या मनात आलं की प्राध्यापकानं नोट्स सांगायच्या आणि पोरांनी माना खाली घालून उतरवायच्या, हे आता बास झालं. पोरांनी वर्गात स्वतः काहीतरी करून शिकावं, आणि त्यासाठी प्राध्यापकांना आपापला विषय नव्यानं आखायला कुणीतरी मदत करावी. हे 'कुणीतरी' म्हणजे कॉलेजं पालथी घालायची, एसटीचे धक्के खायचे आणि वर प्राध्यापकांची बोलणी खायची. भरल्या सभेत 'कोण तयार आहे?' असं विचारल्यावर एकच हात वर झाला, तो दाजींचा. ताई म्हणते, ते डोकं खाजवत होते. दाजींना हे कधीच मान्य झालं नाही, पण काम त्यांच्या गळ्यात पडलं ते पडलंच.

त्या दिवसापासून दाजींना रांगेत मांडलेली खुर्ची बघवेना. "रांगेत माणसाला पुढच्याची फक्त मान दिसते. मानेशी काय चर्चा करणार?" असं म्हणत ते दिसेल तिथल्या खुर्च्या गोल मांडायचे. दवाखान्यात मांडल्या, पतपेढीत मांडल्या, आणि एकदा सुप्याला आमच्या नात्यातल्या लग्नात, अक्षतांच्या आधी, मांडवातल्या सगळ्या खुर्च्या गोल केल्या. मुलाकडचे आणि मुलीकडचे समोरासमोर आले. तोंडं दिसायला लागली, आणि तोंडं दिसल्यावर साखरपुड्यात कुणाला टॉवेल मिळाला पण टोपी नाही मिळाली, कुणाच्या आत्याला कुणी या-बसा केलं नाही, सगळं निघालं. लग्न मोडता मोडता राहिलं. दाजी मात्र खुशीत. "बघा, केवढी मोकळी चर्चा झाली!" नवरीचे चुलते, आमचे तात्या, कपाळाला हात लावून म्हणाले, "पाव्हणं, फुडच्या लग्नाला तुमी थेट पंगतीलाच या." पंगतसुद्धा दाजींनी गोल बसवायला घेतली होती, पण वाढप्यांनी त्यांना आवरलं.

दुसरी खोड म्हणजे विचारलेल्या गोष्टीचं सरळ उत्तर द्यायचं नाही. शिकणाऱ्यानं स्वतः शोधावं, असं तत्त्व. बारामती स्टँडवर एका म्हाताऱ्या आबांनी त्यांना विचारलं, "दादा, इंदापूरची गाडी कंची?"

दाजी प्रसन्न हसले. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला? मला ती भरल्याली वाटतीया."

"छान! का बरं वाटतं?"

"आमच्या गावची दोन टाळकी खिडकीत दिसत्यात."

"वा! आणखी काही पुरावा?"

आबा पुरावा शोधेपर्यंत गाडी फाटकाबाहेर. आबा उसळले, "आता काय वाटायचं ऱ्हायलंय? गेली की वो!" त्यातली गंमत अशी की त्याच गाडीनं दाजींनाही इंदापूरला यायचं होतं. मग ते दोघं पुढच्या गाडीपर्यंत बाकड्यावर गप्पा मारत बसले, आणि आबांनी उतरताना दाजींना शेंगा दिल्या.

घरातही तेच. ताईनं विचारावं, "आमटीत मीठ बरोबर आहे का?" तर हे, "आमटीतून तुला नेमकं काय साध्य करायचं होतं?" ताई म्हणाली, "तुमचं तोंड बंद करायचं होतं." तो प्रश्न यायचा दाजींच्या आणखी एका मंत्रातून, 'आधी शेवट ठरवा.' वर्षाच्या शेवटी पोराला काय करता आलं पाहिजे ते प्राध्यापकानं आधी ठरवावं आणि तिथून मागं मागं येत विषय आखावा. विषयाला हे ठीक आहे हो. पण आमच्याकडे इंदापूरला यायचं म्हटलं तरी दाजी आधी परतीची गाडी धरायचे, तिच्याआधी चहा, चहाआधी डुलकी, डुलकीआधी जेवण, जेवणाआधी गप्पा, असं मागं मागं येत भल्या पहाटे जळोचीहून निघणं प्राप्त व्हायचं. आम्ही अंथरुणात आणि हे दारात उभे. "लवकर आलो का?" असं विचारायचे. उत्तर दिलं की "का वाटतं?" म्हणून पुढचा प्रश्न तयार. मी उत्तरच द्यायचं सोडून दिलं आणि चहाला आधण ठेवायला लागले.

पण त्यांची खरी मैफल रंगायची प्राध्यापकांच्या शिबिरात. सुरुवातीलाच सांगायचे, "व्याख्यान म्हणजे एकानं जेवायचं आणि साठ जणांनी ढेकर द्यायचा." मग सगळ्या प्राध्यापकांना विद्यार्थ्यांच्या बाकांवर बसवायचे. मी शिकवते त्या आमच्या कॉलेजातलं शिबिर मी डोळ्यांनी पाहिलंय. पोरांच्या गैरवर्तनावर स्टाफरूममध्ये रोज गळा काढणारी ही थोर मंडळी बाकावर बसायचा अवकाश, सगळी मागच्या बाकांवर गर्दी करून बसली. इतिहासाच्या सरांनी भिंतीला टेकून डोळे मिटले. कॉमर्सच्या सरांनी किल्लीनं बाकावर स्वतःचं नाव कोरलं. दाजींनी गटात काम दिलं तर हिंदीचे सर म्हणाले, "हे परीक्षेला आहे का?" आणि जेवणानंतर एका सरांनी आजोबा वारल्याचं सांगून रजा मागितली, त्यांना स्वतःला दोन नातवंडं होती. एकानं तर सरळच विचारलं, "पोरांनीच बोलायचं तर मग आमी काय करायचं?" दाजी म्हणाले, "ऐकायचं." "निस्तं ऐकायचं? आवघड हाय राव," असं म्हणून ते सर खरोखरच विचारात पडले. मला त्यांची दया आली, कारण बोलायचं थांबणं मलाही तितकंच अवघड होतं.

आता माझं सांगते. इंदापूरच्या त्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवायला लागून दोन वर्षं होत आली होती. विद्यापीठाची समिती येणार, माझ्या तासाला बसणार, तिनं मान डोलावली तर नोकरी कायम, नाहीतर घरी. आणि घरी म्हणजे सासूबाईंच्या म्हशी. सासूबाई मनानं चांगल्या, पण रोज सकाळी मी साडी नेसून निघाले की गोठ्यातून म्हणायच्या, "जा बाई जा, हितं शेणाला कोन पळून चाललंय!" मला ती नोकरी हवी होती. म्हणून मी 'सहकार' या विषयावर एक खणखणीत व्याख्यान पाठ केलं, आरशासमोर म्हटलं, म्हशींसमोर म्हटलं. आणि समिती यायच्या आठवडाभर आधी दाजी दारात! म्हणाले, हे व्याख्यान सोड, तास नव्यानं आखू. मी साफ नाही म्हणाले. ते म्हणाले, "का नको वाटतं?" या माणसाच्या 'का'ला उत्तर देता देता आपण 'हो' कधी म्हणून बसतो ते कळत नाही. मीही बसले.

बेत असा ठरला. वर्ग म्हणजे साखर कारखाना. संपत नावाचा धिप्पाड पोरगा चेअरमन, बाकीची पोरं सभासद, आणि तास म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा. दाजींनी एक खोटा अहवाल तयार करून पोरांना आधीच वाचायला दिला. पोरांनी सभेत प्रश्न विचारायचे, भांडायचे, आणि भांडता भांडता सहकार शिकायचा. मी कोपऱ्यात उभं राहायचं. "काय वाट्टेल ते होऊ दे, तू तोंड उघडायचं नाहीस," दाजींनी बजावलं. सगळा विचार केला होता हो आम्ही. एकच गोष्ट आम्हा दोघा दीडशहाण्यांच्या ध्यानात आली नाही. ही सगळी ऊसवाल्यांची पोरं. लहानपणापासून बापाचं बोट धरून मांडवातल्या सभांना गेलेली. आणि सभेत काय करायचं असतं, हे त्यांना आमच्यापेक्षा पक्कं ठाऊक होतं.

समितीचे साहेब जाड भिंगांचा चष्मा लावून पुढच्या बाकावर बसले, शेजारी आणखी दोघं. दाजी मागच्या बाकावर. संपत खांद्यावर टॉवेल टाकून उठला. "सन्माननीय सभासद बंधूंनो, विषय पहिला..."

"मंजूर!" अख्खा वर्ग गरजला.

"आरं, वाचू तरी द्या! विषय दुसरा..."

"मंजूर!"

मग काय, संपतलाही चेव आला. तो नुसते आकडे म्हणायला लागला आणि वर्ग मंजूर करत सुटला. आभार झाले. राष्ट्रगीत झालं, तेवढ्यापुरती समितीही उभी राहिली. आणि सभा म्हणजे अल्पोपहार आलाच, तेव्हा पोरांनी आपल्या मनानं आणलेल्या चिवड्याच्या पुड्या वाटल्या. एक पुडी साहेबांच्या हातात. तास सुरू होऊन जेमतेम पाच मिनिटं झाली होती.

साहेबांनी पुडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वर्गाला विचारलं, "कुणाला काही शंका?"

"मंजूर!"

साहेबांनी चष्मा काढला. "हा काय पोरखेळ आहे? या बाई वर्षभर शिकवतात तरी काय?"

माझ्या डोळ्यांपुढे म्हशी उभ्या राहिल्या. रांगेनं, शेपट्या हलवत. तेवढ्यात मागून बाक सरकल्याचा आवाज आला. दाजी उठले होते. मनात म्हटलं, आता हे साहेबांना 'तुम्हाला काय वाटतं?' विचारणार आणि माझं उरलंसुरलं वाटोळं होणार. पण दाजींचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. आणि एरवी शुद्ध बोलणारा तो माणूस थेट लोणी भापकरच्या बोलीवर आला. "साहेब, चूक माझी हाय. ह्यो तास मी आखला. ह्या न्हाय म्हणत हुत्या, मी गळ घातली. त्यांचा तास त्यांच्या पद्धतीनं परत एकदा बघा. आन काय लिव्हायचं आसंल ते माझ्या नावावर लिवा."

तेव्हा खिडकीजवळून सुरेखा उठली. तिच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता थोडासा ऊस. वर्षभरात हजेरीपलीकडे तिच्या तोंडून शब्द ऐकला नव्हता मी.

"सर, मला बोलायचंय."

"मंजूर!" संपत सवयीनं बोलून गेला.

"काय मंजूर? वाचलंय कुठं आजून?" ती त्याच्यावर कडाडली. "माझ्या आईच्या नावावर शेअर हाय. सभेत तिला मागं बसवत्यात आन हात वर कर म्हणत्यात. कशापायी वर केला, ते घरी येऊन ती मला इचारती. मला तरी काय ठावं! आज अहवाल माझ्या हातात हाय. मी वाचून आलीया. सभा परत घ्या."

संपत म्हणाला, सभा संपली, राष्ट्रगीत झालं. ती म्हणाली, मग परत म्हणू, देशाला काय जड होत न्हाय. झालं! वर्ग फुटला. ऊसतोडीचा नंबर कसा लागतो, आमच्या फडात तोडणीची टोळी ऊस वाळल्यावरच का येते, चेअरमनच्या मेव्हण्याचा ऊस दरवर्षी पहिला कसा, अशा प्रश्नांचा भडिमार सुरू झाला. संपतच्या कपाळावर घाम फुटला, तो टॉवेलनं पुसायला लागला. समितीतले एक सर अचानक उभे राहिले आणि म्हणाले, "थांबा, मीही सभासद आहे, तोडीच्या नंबराचं आधी सांगा!" साहेब त्यांचा कोट धरून त्यांना खाली ओढत होते. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. मी त्या तासात एक अक्षर बोलले नाही. आधी दाजींची ताकीद होती म्हणून, आणि नंतर पोरांचं ऐकायचं होतं म्हणून.

मी कायम झाले. ज्यांचा कोट ओढला गेला त्या सरांनी माझी बाजू लावून धरली, असं प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं. आणि मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "तुमच्या दाजींचं काम मात्र बंद होतंय. साहेब म्हणाले, योजनेचा माणूसच चूक झाली म्हणतो, तर योजना कशाला पाहिजे?"

पेढे घेऊन मी जळोचीला गेले. दाजी अंगणात पपईच्या रोपाला आळं करत बसले होते. मी म्हटलं, "दाजी, माझ्यामुळं..." त्यांनी हात धुतले, दोन पेढे एकदम तोंडात टाकले आणि ताईला हाक मारली, "ही जेवून जाणार आहे गं, वांगी कर." ताईला त्यांनी काहीच सांगितलेलं नव्हतं. ती हसत वाढत होती, आणि मी ताटातलं वांगं इकडून तिकडं सारत होते. पुढच्या सत्रापासून ते आपल्या कॉलेजात पानाफुलांचे तास घ्यायला लागले. त्या कामाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. हल्ली सगळीकडेच विद्यार्थी मध्यभागी आलाय. प्रत्येक कॉलेजच्या फाटकावर तसा फलक आहे. आम्हाला प्रशिक्षणं असतात, जेवणासकट. परवाच्या प्रशिक्षणात एक साहेब, विद्यार्थ्यांना बोलतं कसं करावं या विषयावर, सकाळपासून जेवणापर्यंत एकटेच बोलत होते. आम्ही रांगेत बसून उतरवून घेत होतो. शेवटी त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "तर मग सगळ्यांना मान्य?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला दाजींची अशी काही आठवण आली की बसवेना. मी उभी राहिले आणि म्हटलं, "सर, मला बोलायचंय." सगळ्या माना वळल्या. काय बोलायचं ते माझं अजून ठरलं नव्हतं, पण मी खाली बसले नाही.