शेजाऱ्याचा गुडघा

आमच्या मलकापुरातल्या शेजाऱ्याचा गुडघा थंडीनं दुखत नाही, लोकांच्या पगारानं दुखतो. हे मी छातीठोकपणे सांगतो. सुभेदार होऊन निवृत्त झालेला माणूस. पेन्शन चांगली, ऊसही जोमदार. पण कुणीही भेटलं की आधी पगार विचारणार. आकडा लहान निघाला तर आणखी अर्धा कप चहा मागतो. मोठा निघाला की कप तसाच ठेवून उठतो, "गुडघा लय ठणकाय लागलाय गड्या," म्हणत.

परवा मुलाचा पगार वाढला म्हणून कंदी पेढे घेऊन आला. खुर्चीत टेकायच्या आतच म्हणाला, "मास्तर, तुमच्या लेकीला आता पगार किती हाय?"

माझी लेक पुण्यात त्याच्या मुलाच्याच कंपनीत, एक पायरी वर आहे. मी तिचा पगार बिनदिक्कत निम्म्यावर आणला.

गडी एकदम खुलला. "वाढंल की, धीर धरा," असं मलाच समजावत त्यानं आणखी एक पेढा दिला, दोन कप चहा घेतला आणि जिना तरातरा उतरला.

आज सकाळी फाटकाशी आला तो लंगडतच.

"पोरानं फोनवर खरा आकडा सांगितला."

मी माफी मागू लागलो.

"आवं, रागावलो न्हाई मी. दोन दिस लय झकास चाललो बगा." मग इकडंतिकडं बघून तो हळूच म्हणाला, "फकस्त फुडच्या टायमाला माज्या पोरालाबी सांगून ठेवा."