केलगेरीच्या गल्लीतली देशाची प्रगती

आटपाट केलगेरी होती, तिथं आमची गल्ली होती. गल्लीत आमचं घर, समोर शांताक्काचं. आमच्या घरात मी, आमचे हे, मुलगा, सून मंगल आणि नात गौरी. आणि दर चार-पाच वर्षांनी पिशवीत कागद घालून येणारे सर्वेवाले देसाई अण्णा. घरात काय आहे, काय खाता, कोण काय करतं, सगळं लिहून न्यायचे. हे कागद वर जातात आणि देश पुढं गेला की मागं, ते त्यावरून ठरतं, असं सांगायचे.

मला शाळा नाही, पण ध्यानात सगळं आहे. मी सांगते, मंगल लिहून घेते. ह्या गोष्टींचं असं आहे बघा, एक बाहेर काढली की तिचा पदर धरून दुसरी येते.

*

पहिल्यांदा अण्णा आले तेव्हा मंगल लग्न होऊन नुकती आली होती. अण्णांनी विचारलं, रोज काय जेवता? मी भाकरी-झुणका सांगणार, तेवढ्यात शांताक्का सहज म्हणून आमच्या दारात येऊन उभी राहिली.

मी म्हटलं, "गव्हाच्या पोळ्या. वर तूप."

मग अण्णा तिच्या घरी गेले. मीही सहज म्हणून तिच्या दारात जाऊन उभी राहिले. तिच्याकडं रोज पुलाव आणि केशराचं दूध निघालं. अशी बारा घरं झाली.

पुढं अण्णा बाजारात भेटले. म्हणाले, देशानं मोठी मजल मारलेली दिसते. शांताक्का दारात उभी नसती तर एवढी मारली नसती, हे मी काही बोलले नाही.

*

पुढच्या खेपेपर्यंत गरिबांचं रेशनकार्ड आलं होतं. त्यावर तांदूळ मिळायचा, आणि ह्यांच्या किडनीचं औषधपाणी त्या कार्डावरच चालायचं. घरात वस्तू दिसली की कार्ड जातं, अशी गल्लीत बोलवा होती. अण्णा घसा कोरडा करून सांगायचे, माझा सर्वे वेगळा, कार्डाशी त्याचा संबंध नाही. सरकारी माणसानं असं म्हटलं की आम्ही अजून एक भांडं लपवायचो.

त्या वर्षी कुणाकडंच काही नव्हतं. पंखा नाही, मिक्सर नाही, भिंतीवरचं घड्याळसुद्धा नाही. अण्णांनी सगळं लिहून घेतलं, पिशवी खांद्याला लावली आणि गल्लीच्या मधोमध उभं राहून म्हणाले, माझं घड्याळ बंद पडलंय, किती वाजले असतील?

चार घरांतून एकदम आवाज आला, "सव्वा अकरा!"

*

मग कोपऱ्यावरच्या बंगल्यात एक मोठे डॉक्टर राहायला आले. अण्णा त्या साली म्हणाले, आज्जी, ह्या गल्लीचं सरासरी उत्पन्न दुप्पट झालंय. सरासरी म्हणजे काय ते त्यांनी मला पायरीवर बसून नीट समजावलं. सगळ्यांचं एकत्र करायचं आणि सगळ्यांना सारखं वाटायचं. कागदावर.

शांताक्कानं तीन महिने तिच्या वाट्याची वाट बघितली. मग डॉक्टरांची बदली झाली आणि ते गेले. अण्णांच्या हिशेबानं आम्ही पुन्हा गरीब झालो. दोन्ही वेळा आम्हाला कुणी कळवलं नाही.

*

एकदा अण्णा जेवणाच्या वेळेला आले. त्यांनाही ताट वाढलं, मी चुलीपुढं. भाकरी थापता थापता उत्तरं देत होते. त्यांनी विचारलं, तुम्ही काय काम करता? मी म्हटलं, हे काय चाललंय. ते म्हणाले, हे कामात धरत नाहीत, पगाराचं काही करता का? मी नाही म्हटलं.

त्यांनी लिहिलं, काम करत नाहीत. मग ताट पुढं सरकवलं आणि म्हणाले, "अजून एक वाढा की हो."

*

आता गौरीचं. पोरगी गुणाची, तारिहाळच्या एका कारखान्यात नोकरीला. पण तीन स्थळं येऊन गेली होती. चहा प्यायची, भिंतींकडं बघायची, रेशनकार्डाचं घर आहे असं कुणाकडून तरी कानावर जायचं, आणि निरोप यायचा नाही. तिसऱ्या वेळेनंतर पोरगी स्वतःच्या पगारातून फ्रिज घेऊन आली आणि पाहुण्यांना दिसेल असा पुढच्या खोलीत ठेवला. एरवी आम्ही त्यावर चादर घालायचो आणि वर देवाचा फोटो ठेवायचो. अनोळखी माणसं बाहेरूनच हात जोडून जायची.

चौथं स्थळ कलघटगीचं. पोरगा गौरीच्याच कारखान्यात, आई शाळेत स्वयंपाक करणारी. बाई फार बोलत नव्हत्या. त्या दिवशी चादर काढली, देव आत नेले, फ्रिज पुसून लख्ख केला. त्यातलं कोकमाचं सरबत सगळ्यांच्या हातात, ग्लासाला बाहेरून घाम आलेला.

आणि दारात देसाई अण्णा.

म्हणाले, पाच मिनिटांचं काम आहे. पाहुणे म्हणाले, होऊ द्या की. नाही कसं म्हणणार? अण्णा आमच्या ह्यांच्या शेजारी बसले आणि एकेक विचारत गेले. माणसं किती, पंखे किती, गॅस आहे का. मंगल उत्तरं देत होती, दर उत्तराला तिचा आवाज बारीक होत होता.

मग अण्णांनी विचारलं, "फ्रिज?"

खोलीत फक्त फ्रिजचा आवाज. आहे म्हणावं तर कार्ड आणि ह्यांचं औषध. नाही म्हणावं तर पाहुण्यांच्या हातात गार ग्लास. मंगल माझ्याकडं बघतेय, मी ह्यांच्याकडं. गौरीनं मान खाली घातलेली.

कलघटगीच्या बाईंनी ग्लास खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं.

"तो आमचा आहे," त्या म्हणाल्या. "घरात जागा नाही म्हणून विहिणीकडं ठेवलाय."

देसाई अण्णांनी लिहिलं, फ्रिज नाही. मग टोपण लावलं आणि म्हणाले, "मलाही एक ग्लास द्या. गारच."