आर्वीचा पहिला घास आणि साहेबांची तारीख

‘म्हणजे वरचं काहीच सुरू केलं नाही? खिचडी, वरणभात, काहीच नाही?’

मी विचारलं तेव्हा आजी माझ्याकडे पाहून हसल्या. पारशिवनी तालुक्यातलं गाव. नात आर्वी त्यांच्या मांडीवर होती. तिला आठवा महिना लागला होता. मान नीट धरत होती, टेकून बसत होती, माझ्या आयकार्डच्या दोरीला हात घालत होती. बाळ खायला तयार आहे हे अशाच खुणांवरून कळतं. पण तिचे दंड फार बारीक होते आणि रडणं दमलेलं होतं.

‘सायेबाची तारीख नाई ना भेटली अजून,’ आजी म्हणाल्या. ‘ते येतीन अन् पयला घास चारतीन. सिस्टरनंच सांगतलं. काहून, तुमाले माहीत नाई?’

मला माहीत नव्हतं. गावाच्या नर्स वंदना सिस्टर दारातच उभ्या होत्या. त्यांनी मोबाइल काढला आणि त्यात बघत राहिल्या.

मी आहारतज्ज्ञ आहे. नागपुरात धरमपेठेत आमच्या संस्थेचं ऑफिस आहे. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला वरचं खाणं कसं सुरू करायचं आणि ते आईवडिलांना कसं समजवायचं, हे मी नर्स आणि आशाताईंना शिकवते. सहा महिन्यांनंतर आईचं दूध चालूच ठेवायचं, पण ते एकटं पुरत नाही. घास इतका घट्ट हवा की चमचा तिरका केला तरी ओघळू नये. वरणाच्या नुसत्या पाण्यानं पोट भरल्यासारखं वाटतं, बाळ गप्प होतं, पण वाढत नाही. माझं शिक्षण इंग्लिश मीडियममध्ये झालं, चारचौघांत मराठी बोलायचं तर मी आधी वाक्य मनात जुळवते. म्हणून ट्रेनिंगमध्ये मी कमी बोलते. वाटी-चमचा घेऊन करूनच दाखवते.

या भागातली आमची खरी अडचण उष्टावणाची होती. उष्टावण म्हणजे बाळाला पहिल्यांदा अन्न चाटवायचा कार्यक्रम. पहिला घास मामानं द्यायचा. मामाला सुट्टी नसते, किंवा मामाचं आणि सासरचं जमत नसतं, आणि बाळ दुधावरच थांबतं. त्यावर आम्ही मार्ग काढला. रीत मोडायची नाही, फक्त लवकर करायची. सहा महिने झाले की उपकेंद्रातच उष्टावण, मामा आला तर मामाच्या हातून, नाही तर आजोबांच्या. सिस्टरना ते पटलं होतं. बायकाही येत होत्या.

मग आमच्या डायरेक्टर सुनीता मॅडमनी त्याचा इव्हेंट केला. प्रकल्पाला निधी देणाऱ्या कंपनीचे मोठे साहेब मुंबईहून येणार होते. ‘साहेबच सगळ्या बाळांचे मामा!’ असं मॅडम मीटिंगमध्ये म्हणाल्या आणि सगळे हसले. तसा बॅनरही छापून आला. साहेबांची तारीख एकदा पुढे गेली, मग पुन्हा गेली. मधल्या काळात ऑफिसमधून सिस्टरना माझ्या परस्पर निरोप गेला होता: कार्यक्रमातल्या बाळांना आधी काही चारू नका.

आर्वीची आई कल्पना मला पाणी द्यायला आली. सासू आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, ‘मॅडम, माहा भाऊ आल्ता. नागपूरले मिहानमधे, कंपनीची गाडी चालवते तो. चांदीची वाटी घेऊन आल्ता, खीरबी होती सोबत. सासूबाईनं परत पाठवला. म्हणे, आमच्या पोरीले मोठे सायेब चारून राह्यले, तू कायले चारतं? तो वाटी घेऊन गेला वो वापस. आता फोनबी उचलत नाई.’

‘मग हिला काय देता?’

‘वरणाचं पाणी. त्याले घास म्हणत नाई म्हणे.’

मी गाडीत बसून मॅडमना फोन लावला.

‘मॅडम, ही बाळं आपल्यामुळे थांबली आहेत. एकीचं वजन वाढतच नाहीये.’

‘अगं, शुक्रवारी आहे ना आता. पक्का झाला टूर.’

‘तोपर्यंत तिला खायला सुरू करू द्या. साहेब नंतर चारतील.’

‘आणि मग साहेब काय चारणार? सगळी बाळं खाऊन-पिऊन बसलेली! पहिला घास आहे म्हणून तर ते येऊन राहिले. समज ना यार. तू फार टेक्स्टबुक बोलतेस.’

‘टेक्स्टबुक आपणच छापलंय, मॅडम.’

‘हे बघ, तू फील्डवर आहेस ना, फील्डचं बघ,’ असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी फील्डचंच बघायचं ठरवलं. वंदना सिस्टरना म्हटलं, आपण दोघी जाऊन सांगू, आजच सुरू करा.

‘तुमी सांगान अन् नागपूरले जान,’ सिस्टर म्हणाल्या. ‘मले इथं रोज यावं लागते. काल सांगतलं थांबा, आज सांगतो चारा. उद्या लसीकरणाले कोण आयकन माहं? अन् वरून माह्या दवाखान्याच्या सायबाचाबी फोन आहे, लेकरं कोरी पाहिजे म्हणून.’

लेकरं कोरी. न वापरलेल्या वहीबद्दल बोलावं तसं. सिस्टर वाईट नव्हत्या. त्यांना जे सांगितलं गेलं तेच त्या बोलत होत्या.

मी एकटीच परत घरात गेले. वाटी मागितली, भात मागितला, वरणातली खालची घट्ट डाळ घेतली, बोटांनी कुसकरली, वर तेल सोडलं. चमचा तिरका करून दाखवला. घास हलला नाही. आर्वी चमच्याकडे बघून तोंड उघडायला लागली. तेवढ्यात आजींनी पदरानं तिचं तोंड झाकलं.

‘तुमाले लेकरू हाये का, बाई?’

‘नाही.’

‘लगन?’

‘नाही.’

‘मंग? म्या पाच वाढवले. मामाले परत धाडला त्या सायेबासाठी. आता चारलं तं मामाच्या म्होरं आमचं तोंड काय राह्यते?’

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मराठीत जुळेपर्यंत त्या उठून आत गेल्या. वाटी कल्पनाच्या हातात राहिली. तिनं ती झाकून ठेवली. सासूच्या माघारी ती काही करेल असं मला वाटलं होतं. तिनं केलं नाही. त्या घरात तिलाच राहायचं होतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आर्वीला जुलाब लागले. आधीच अशक्त बाळ. वंदना सिस्टरनीच तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून नागपूरला पाठवलं. कुपोषित बाळांसाठी सरकारी दवाखान्यात वेगळा वॉर्ड असतो, त्यात ती दाखल झाली. मला सिस्टरनी फोन केला. ‘मॅडम, आर्वीले पाठवलं,’ एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

शुक्रवारी साहेब आले. फुगे होते, बॅनर होता. आर्वीची जागा रिकामी दिसू नये म्हणून सिस्टरच्या शेजारणीचं गुटगुटीत बाळ आणून बसवलं. ते वेळेवर खिचडीला लागलेलं, घरी दोन वाट्या संपवणारं. साहेबांनी चमचा पुढे केला तसं त्यानं आपणहून तोंड उघडलं आणि चमचाच धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब खूश झाले. ‘बघ,’ मॅडम माझ्या कानात म्हणाल्या, ‘पहिलाच घास आणि किती छान खाल्ला!’ त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. तोच फोटो आता आमच्या ऑफिसच्या दर्शनी भिंतीवर आहे.

तिथून मी वॉर्डात गेले. आर्वीच्या हाताला सुई होती. जुलाब थांबत आले होते. डॉक्टर म्हणाले, सावरेल, पण वेळ लागेल, आणि वाढीचे गेलेले महिने सगळेच्या सगळे भरून येतील असं सांगता येत नाही. अशा आजारी बाळांना सुरुवातीला देतात ते दुधाचं पातळ खाणं तिला सुरू केलं होतं. पहिला चमचा सकाळी ड्युटीवरच्या कुठल्याशा नर्सनं दिला. तिचं नाव कल्पनाला माहीत नव्हतं.

‘सायेब आल्ते का, मॅडम?’ कल्पनानं विचारलं.

‘आले होते.’

‘कोणाले चारलं?’

मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि आर्वीच्या अंगावरचं फडकं सारखं केलं.

नंतरच्या मीटिंगमध्ये मी एक वाक्य ट्रेनिंगमध्ये घालायला सुचवलं होतं: पहिल्या घासासाठी कुठल्याही पाहुण्याची वाट पाहू नये. मॅडम म्हणाल्या, निगेटिव्ह वाटतं. वाक्य वगळलं गेलं. आता मी ते स्लाइडवर लिहीत नाही. प्रोजेक्टर बंद झाला आणि सिस्टर लोकांचा चहा सुरू झाला की सांगते. त्यांना म्हणते, समारंभ करायला वरून सांगितलं तर नाही म्हणू नका. फक्त महिनाभर आधीपासून खाणारी बाळं बसवा. फोटोत फरक कळत नाही.